चड्डी बाहेरून, दुःख आतून

मी छत्तीस वर्षं एका जनरल इन्शुरन्स कंपनीच्या क्लेम विभागात काढली. लोकांच्या गाड्या ठोकल्या जायच्या, दुकानं जळायची, गोदामांत पाणी शिरायचं, आणि मग ती माणसं माझ्या टेबलासमोर येऊन बसायची. मी चष्मा सारखा करून त्यांना त्यांच्याच पॉलिसीच्या पाठीमागे बारीक अक्षरांत काय छापलंय ते वाचून दाखवायचो. या कामात पराक्रमाला वाव नसतो. संध्याकाळपर्यंत कुणी अंगावर ओरडलं नाही, तर दिवस सोन्याचा.

तेव्हा २००४ च्या अखेरीला सहा वर्षांच्या चिरंजीवांना आणि सौभाग्यवतींना घेऊन 'द इन्क्रेडिबल्स' बघायला गेलो, तो गारव्यात दोन तास डुलकी काढण्याच्या शुद्ध हेतूनं. चिरंजीवांचं इंग्रजी 'मे आय गो टू टॉयलेट'पाशी थांबलेलं होतं, म्हणून हिंदी आवृत्तीची तिकिटं काढली. तिचं नाव 'हम हैं लाजवाब'. नायकाला आवाज शाहरुख खानचा, नायकाच्या मुलाला आवाज शाहरुखच्याच मुलाचा. म्हटलं, कार्टून आहे, पोरगं खूश राहील, आपण घोरू.

सुरुवात तशी बेताप्रमाणेच झाली. छाती पुढे काढलेला एक धिप्पाड गडी झाडावरची मांजर उतरवतो, चोर पकडतो, आगगाडी अडवतो आणि त्याच संध्याकाळी धापा टाकत बोहल्यावर चढतो. माझे डोळे मिटत आले होते. तेवढ्यात पडद्यावर पंधरा वर्षं उलटली. तो गडी आता पोट सुटलेला, केस मागे सरकलेला, गळ्याला टाय आवळलेला, एका खुराड्याएवढ्या टेबलामागे कोंबून बसवलेला दिसला. विमा कंपनीत. क्लेम विभागात.

मी सावरून बसलो.

त्याच्यासमोर एक म्हातारी. तिचा क्लेम नामंजूर झालेला, ती रडकुंडीला आलेली. हा इकडेतिकडे बघतो, आणि मोठ्यानं 'माझ्या हातात काही नाही' असं सांगता सांगता हळूच कुजबुजतो, की अमुक फॉर्म भरा, तमुक मजल्यावर जा, अमक्या बाईंना भेटा. वर तिला बजावतो, की बाहेर पडताना चेहरा रडवेलाच ठेवा. तोवरच्या सोळा वर्षांच्या नोकरीत मी एवढा थरारक प्रसंग पाहिला नव्हता. आगगाडी काय, कुणीही अडवेल. चालू फायलीत कुजबुजायला छाती लागते.

मग त्याचा साहेब येतो. उंचीनं कमरेएवढा, टेबलावरच्या पेन्सिली एका रेषेत लावणारा, कंपनी म्हणजे कसं घड्याळ असतं आणि आपण सगळे त्यातली दातेरी चाकं असतो, हे समजावणारा. हा साहेब मला ओळखीचा होता. प्रत्येक शाखेत एक असतोच; आमच्याकडे पेन्सिलींऐवजी टाचण्या असायच्या. खिडकीबाहेर एका माणसाला लुटत असतात आणि साहेब म्हणतो, जागेवरून हललास तर नोकरी गेली. चोर पळून जातो. त्यावर आपला गडी साहेबाची मानगूट धरतो आणि त्याला फेकतो. साहेब एक भिंत फोडून जातो, मग दुसरी, मग तिसरी.

सगळं थिएटर हसलं. मी एकटा मनात आकडेमोड करत होतो: भिंती किती, घसारा किती, आणि कर्मचाऱ्यानं जाणूनबुजून केलेलं नुकसान कुठल्या कलमाखाली बसेल.

डुलकी गेली ती गेलीच. कारण हा सिनेमा बनवणाऱ्या ब्रॅड बर्डनं मुलांच्या नावाखाली काय काय दडवून ठेवलं होतं, ते आता एकेक बाहेर यायला लागलं. मुळात हा गडी टेबलामागे आला, कारण त्याच्यासारख्या अतिमानवांवर बंदी. ती बंदी का आली? तर एक माणूस जीव द्यायला उंच इमारतीवरून उडी मारतो, आपला गडी त्याला हवेतच झेलतो, आणि तो माणूस कोर्टात जातो. म्हणतो, मला वाचवायला तुम्हाला सांगितलं कुणी? पाठोपाठ आगगाडीतले जखमी प्रवासी दावे लावतात. सरकारला नुकसानभरपाई देता देता घाम फुटतो, आणि शेवटी सगळ्या अतिमानवांना मुखवटे उतरवून सामान्य माणसांसारखं जगायचा हुकूम निघतो. हे कार्टून नव्हे हो, ही थर्ड पार्टी क्लेमची फाइल आहे.

चिरंजीवांनी माझी बाही ओढली. "बाबा, त्या काकांनी उडी का मारली?"

सहा वर्षांच्या मुलाला काय सांगणार? मी म्हणालो, "पतंग अडकला होता. तो काढायला गेले, पाय घसरला."

"मग त्यांनी केस का केली?"

"पतंग फाटला म्हणून."

चिरंजीवांना हे पूर्णपणे पटलं. पतंग फाटला तर तेही केस करणाऱ्यांतलेच.

अजून एक विचार तेव्हा डोक्यात आला तो आजही जात नाही. आपल्याकडे पराक्रमाचा खर्च कुणी काढलाच नाही. हनुमानानं लंका जाळली, पण दुसऱ्या दिवशी सर्व्हेअर आला नाही. द्रोणागिरी उचलून नेला, पण तिथल्या ग्रामपंचायतीची हरकत नोंदवल्याचं कुठल्या पुराणात नाही. पुढच्याच वर्षी व्ही. जी. सामंत यांचा 'हनुमान' आला. आम्ही तोही पाहिला, चिरंजीवांना गदा घेऊन द्यावी लागली. त्यानंतर २००७ मध्ये आलेला 'रिटर्न ऑफ हनुमान' तर चक्क अनुराग कश्यप यांनी दिग्दर्शित केला. हे मी लोकांना सांगतो तेव्हा लोक माझ्याकडे साशंक नजरेनं बघतात. असो. मुद्दा असा की आपला वीर समुद्र ओलांडतो, आणि अमेरिकेतला वीर कर्ज, साहेब आणि वकील ओलांडू शकत नाही. दोघांत जास्त अवघड काय, हे क्लेम विभागाला विचारा.

पुढे तर प्रकरण घरातच शिरलं. आपला गडी बायकोला न सांगता पुन्हा छुपी कामगिरी पत्करतो, व्यायाम करून पोट आत घेतो, नवी गाडी घेतो, शीळ घालत फिरतो. बायकोला त्याच्या कोटावर एक लांब, रुपेरी केस सापडतो. पाठोपाठ फोनवर त्याचं कुणा बाईशी चाललेलं बोलणं कानावर पडतं. ती कपडे शिवणाऱ्या त्या बुटक्या बाईकडे जाऊन धाय मोकलून रडते. (या बाईचा मूळ इंग्रजी आवाज स्वतः ब्रॅड बर्डचा. दिग्दर्शकानं स्वतःसाठी सगळ्यात कडक भूमिका ठेवली, हे बरंच झालं.) बुटकी बाई तिला झापते, की रडतेस काय, ऊठ आणि जाऊन भांड.

"बाबा, केस बघून ती का रडते?"

"जेवणात केस निघाला की आई नाही का चिडत? तसंच."

पलीकडून सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिलं. त्या वर्षी मीही नवा शर्ट घेतला होता आणि सकाळी फिरायला जाऊ लागलो होतो. डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून, पण हे त्या अंधारात कोण ऐकून घेणार? पुढे ती पडद्यावरची बाई शत्रूच्या अड्ड्यात शिरते. जीव मुठीत धरून धावत असताना एका चकचकीत भिंतीत तिला स्वतःचं प्रतिबिंब दिसतं. ती क्षणभर थांबते, कमरेचा घेर बघते आणि सुस्कारा टाकते. हशा पिकला, तो फक्त बायकांचा. मुलांना काही कळलं नाही आणि पुरुषांनी न कळल्यासारखं केलं.

त्याच्या जरा आधी तीच आई आपल्या दोन मुलांना गुहेत बसवून सांगते, की ही माणसं टीव्हीवरच्या कार्टूनमधल्या दुष्टांसारखी नाहीत, तुम्ही लहान आहात म्हणून ती हात राखणार नाहीत, ती तुम्हाला ठार मारतील. कार्टूनमध्येच एक आई सांगते की हे कार्टून नाही. मी खुर्चीचा हात गच्च धरला. शेजारी चिरंजीव शांतपणे पॉपकॉर्नच्या तळातले न फुटलेले दाणे वेचत होते.

पिक्सारचे त्याआधीचे पाचही सिनेमे अमेरिकेत सरसकट सगळ्यांसाठी पास झाले होते. या सहाव्याला पहिल्यांदाच 'पालकांनी मार्गदर्शन करावं' अशी पाटी लागली, कारण दिलं होतं मारामारीचं. मारामारीत मार्गदर्शन कसलं करणार? तिथं पोरंच आपल्याला सांगतात, कुणी कुणाला कसं हाणलं ते. मार्गदर्शन लागतं ते त्या रुपेरी केसापाशी, आणि तिथं पालकाची स्वतःचीच दातखीळ बसलेली असते. आपल्याकडेही सेन्सॉर बोर्डानं २०२४ पासून यूए प्रमाणपत्रात सात, तेरा आणि सोळा वर्षांच्या पायऱ्या केल्या. सोळाच्या पुढे कुणाला काही झेपत नाही, हे त्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

या सिनेमाचा माझ्यावर झालेला एक परिणाम इथं कबूल करतो. २००५ च्या पुरानंतर मला काही आठवडे सांगलीच्या बाजूला धाडलं होतं. तिथं एक आजी आल्या. त्यांची पिठाची गिरणी पाण्यात गेली होती. 'नुकसान वेळेत कळवलं नाही' या कारणानं क्लेम फेटाळायचा असा साहेबांचा शेरा फायलीवर होता. गावाभोवती पाणी असताना त्या बाईनं कळवायला काय पोहत यायचं होतं? मी इकडेतिकडे पाहिलं. मोठ्यानं म्हणालो, "माझ्या हातात काही नाही, आजी." मग पुढे वाकून कुजबुजलो, "तलाठ्याचा पंचनामा जोडा, उशीर का झाला त्याचा अर्ज लिहा, आणि इथं नका देऊ, विभागीय कार्यालयात तक्रार कक्षात द्या."

"काय म्हंतायसा?" आजी कानामागे हात धरून म्हणाल्या. "जरा मोठ्यानं बोला की वो!"

मी पुन्हा कुजबुजलो.

"हिथं न्हाई द्यायचा? वरच्या हापिसात द्यायचा? आन् सायबाला सांगायचं न्हाई?" पुराचं पाणी ओसरल्यापासून त्या कार्यालयात एवढा खणखणीत आवाज घुमला नव्हता. टाइपरायटर थांबले. केबिनचं दार उघडलं. साहेब दारात उभे राहिले. त्यांना भिंतीतून फेकण्याइतकं बळ माझ्या अंगात नसल्यामुळे मी 'सॉरी सर' म्हणालो. परत आल्यावर तीन महिने इन्वर्डला बसून टपालावर शिक्के मारले. गिरणीचा क्लेम मात्र मंजूर झाला, असं नंतर कळलं. त्या पत्रावर आवक शिक्का मारणारा मीच होतो.

ब्रॅड बर्ड कळकळीनं सांगत असतो, की ॲनिमेशन हा कथेचा प्रकार नाही, गोष्ट सांगायची ती एक कला आहे. तिच्यात काहीही सांगता येतं. अमेरिकेत त्याला हे सांगावं लागतं आणि इथं मला. आमच्या सोसायटीत कुणाच्या घरी चित्रातली माणसं हलताना दिसली, की मोठी माणसं उठून आत जातात आणि मुलांना पुढे सरकवतात. जिवंत नटांच्या मालिकेत मात्र सासू सुनेच्या दुधात काही कालवत असली, तरी तीन पिढ्या एकत्र बसून जेवतात.

चिरंजीव कॉलेजात गेल्यावर आमच्या भूमिका बदलल्या. आता तो मला सिनेमे दाखवायचा. एका रविवारी त्यानं लॅपटॉपवर 'बॅटमॅन: मास्क ऑफ द फँटॅझम' लावला. १९९३ चा, जेमतेम सव्वा तासाचा. ज्या मालिकेतून हा सिनेमा निघाला तिची पार्श्वभूमीची चित्रं काळ्या कागदावर रंगवायचे, असं तो म्हणाला. पांढऱ्यावर काळोख रंगवण्यापेक्षा काळोखातूनच उजेड काढायचा. सरकारी कार्यालयांची अंतर्गत सजावटही याच तत्त्वावर होत असावी.

यातल्या मागच्या आठवणींत बॅटमॅन अजून बॅटमॅन झालेला नाही. तरुण आहे, आईवडिलांचा डोळ्यांदेखत खून झालाय, आयुष्यभर गुन्हेगारांशी लढायची शपथ घेतलीय. आणि अशात त्याला एक मुलगी आवडते. आता पंचाईत. संसार थाटला तर शपथ मोडते, शपथ पाळली तर मुलगी जाते. मग हा भर पावसात आईवडिलांच्या थडग्यापाशी जातो आणि अक्षरशः गयावया करतो. मी शब्द दिला होता हे खरं, पण आता आधीइतकं दुखत नाही हो. सुखी होईन असं माझ्या हिशेबातच नव्हतं. दुसरं काहीतरी करतो, पैसे देतो, पण मला मोकळं करा. नुसतं 'चालेल' म्हणा.

थडगी काही बोलत नाहीत.

इथं मला लॅपटॉप दिसेनासा झाला. माझे वडील गेले तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. दोन्ही बहिणींची लग्नं लावल्याशिवाय स्वतःचं करणार नाही, असं मी त्यांना सांगून बसलो होतो. त्यांनी मागितलं नव्हतं. मीच जरा भारावून बोलून गेलो. पुढची नऊ वर्षं मी त्यांच्या तसबिरीकडे बघत 'आता बास झालं का?' असं विचारत होतो. तसबिरीला हार घातलेला, त्यामुळे तोंड नीट दिसायचं नाही. गोथमचा अब्जाधीश आणि सदाशिव पेठेतला कारकून यांची अडचण एकच असू शकते, हे कुणी मला आधी सांगितलं असतं तर मी निदान एक काळी केप शिवून घेतली असती.

सौभाग्यवती मागे भाजी निवडत उभ्या होत्या. पडद्यावरची मुलगी अंगठी परत करून निघून गेली, तेव्हा त्यांनी विचारलं, "थांबली नाही होय?"

"नाही," मी म्हणालो. "निघून गेली."

"शहाणी होती," असं म्हणून सौभाग्यवती आत गेल्या. त्या सहा वर्षं थांबल्या होत्या.

हा सिनेमा अमेरिकेत नाताळच्या दिवशी लागला आणि सपाटून आपटला. नाताळात पोराबाळांना घेऊन थडग्यापाशी रडणारा माणूस बघायला कोण जाणार? उलट २०१६ मध्ये याच बॅटमॅनचा 'द किलिंग जोक' आला, खास मोठ्यांसाठी, तसं ठळक प्रमाणपत्र लावून. त्यात रक्त आहे, बंदुका आहेत, आणि मूळ कॉमिकमध्ये नसलेलं एक शय्याप्रकरणही वरून चिकटवलेलं आहे. चिरंजीवांनी तोही दाखवला. बाप-लेक दोघंही छताकडे बघत बसलो. मोठ्यांसाठी म्हणून जे बनवतात ते बहुधा पंधरा वर्षांच्या मुलाला मोठं झाल्यासारखं वाटावं म्हणून बनवलेलं असतं. आणि ज्यात खरोखर आयुष्य असतं, त्याच्या डब्यावर खेळणी छापलेली असतात.

खेळण्यांवरून आठवलं. २०१७ चा 'द लेगो बॅटमॅन मूव्ही' तर खेळण्यांच्याच ठोकळ्यांचा. त्यात बॅटमॅन सगळं शहर वाचवून घरी येतो. घर केवढं, तर बेटाएवढं. कुणीच नाही. तो मुखवटा न काढताच लॉब्स्टर मायक्रोवेव्हमध्ये ठेवतो आणि आत फिरणाऱ्या ताटलीकडे बघत उभा राहतो. नुसता उभा. सौभाग्यवती माहेरी गेल्या की मीही असाच उभा राहतो, फक्त लॉब्स्टरच्या जागी आदल्या दिवशीची आमटी असते. या बॅटमॅनला कशाचीही भीती वाटत नाही, घरात माणसं असण्याची सोडून. माणसं आली की जाण्याची शक्यता आली. दुसरीकडे जोकरला दुःख हे, की बॅटमॅन त्याला 'तूच माझा सगळ्यात मोठा शत्रू' असं म्हणत नाही. डोळ्यांत पाणी आणून विचारतो बिचारा. मुलं खिदळतात. आपण मात्र कुठल्याशा जुन्या मित्राला बरेच दिवसांत फोन केला नाही, हे आठवून अस्वस्थ होतो.

२०१८ साल तर हात धुऊन माझ्या मागे लागलं होतं. आधी 'इन्क्रेडिबल्स २' आला. चौदा वर्षांनी. आणि सुरू कुठून झाला, तर पहिला जिथं संपला तिथून, पुढच्याच मिनिटाला. चौदा वर्षांत त्यांच्याकडे एक मिनिट गेलं होतं. पडद्यावरचा मुलगा तेवढाच होता आणि आमचा मुलगा शेजारच्या खुर्चीत दाढी खाजवत बसला होता. या भागात बायको कामाला जाते आणि गडी घरी राहतो. लेकाचं गणित त्याला सुटत नाही, कारण गणित शिकवायची पद्धतच मधल्या काळात बदललेली. तान्ह्या बाळाच्या अंगातून एकामागून एक शक्ती बाहेर पडतात. झोप नाही, दाढी नाही, डोळे तांबारलेले. सौभाग्यवती हसून हसून बेजार झाल्या. त्यांच्या हसण्यात चौदा वर्षांची थकबाकी होती. बाहेर पडताना चिरंजीव माझ्या कानाशी येऊन एवढंच म्हणाले, "बाबा, तो पतंग नव्हता ना?"

डिसेंबरात 'स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स' आला. त्यात एक पीटर पार्कर आहे, पोट सुटलेला, ढगळ पायजमा घातलेला. मूल नको म्हणून बायकोशी वाजलं, घटस्फोट झाला, आता एका खोलीत राहतो आणि स्पायडर-मॅनच्या पोशाखातच शॉवरखाली बसून रडतो. समुद्रघोडे आयुष्यभर एकाच जोडीदाराबरोबर राहतात, हे टीव्हीवर बघून गहिवरतो. मला वाटलं, यंदाचा आमचा पाहुणा हाच. पण मला गाठलं ते दुसऱ्याच माणसानं.

गोष्टीचा खरा नायक माइल्स, शाळकरी मुलगा. बाप पोलिसात. सुरुवातीला हा बाप लेकाला शाळेपाशी सोडतो आणि 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' असं त्याच्याकडून गाडीच्या भोंग्यावर, सगळ्या शाळेसमक्ष वदवून घेतो. हा प्रकार आमच्याकडे झाला असता तर मुलानं शाळा बदलली असती आणि मी मुलगा. पण पुढे घरात एक मरण होतं. बाप लेकाच्या वसतिगृहाच्या खोलीबाहेर येऊन उभा राहतो. आत माइल्स खुर्चीला जखडलेला आहे, तोंड जाळ्यानं बंद. बापाला हे माहीत नाही. त्याला वाटतं, पोरगं रागावून गप्प आहे. तो बंद दाराशी बोलत राहतो. अडखळतो, थांबतो, मनातलं सगळं बोलून टाकतो. शेवटी म्हणतो, आत्ता नाही बोललास तरी चालेल. आणि जातो. आतला मुलगा फक्त दाराकडे बघत राहतो.

आमचं पोरगं तेव्हा वीस वर्षांचं, आणि त्याच्या खोलीचं दारही बरेच महिने बंदच असायचं. मी त्या दाराशी पुष्कळ बोललेलो होतो, बहुतेक वेळा गीझर बंद करण्याबद्दल. सिनेमा सुटल्यावर आम्ही पार्किंगमध्ये आलो. मला खूप काही बोलायचं होतं. मी म्हणालो, "गाडीत पेट्रोल आहे ना?" तो म्हणाला, "आहे, बाबा." मग थोडं थांबून म्हणाला, "तुम्हाला टाकायचंय का?" इतकं हृदयस्पर्शी संभाषण आमच्यात आधी झालं नव्हतं.

याचा दुसरा भाग २०२३ मध्ये भारतात दहा भाषांत लागला, त्यात मराठीही होती. त्यात मुंबई आणि मॅनहॅटन कालवून केलेलं 'मुंबॅटन' आहे आणि पवित्र प्रभाकर नावाचा झुबकेदार केसांचा स्पायडर-मॅन. प्रभाकर हे माझ्या थोरल्या मामाचं नाव. तो साधी लोकल पकडतानाही धापा टाकायचा, म्हणून मला जरा जड गेलं. पण त्या सिनेमाचा गाभा आपल्या कुणाच्याही आजीला चटकन कळला असता. तिथल्या स्पायडर-मॅन मंडळींचं म्हणणं असं, की प्रत्येक स्पायडर-मॅनच्या आयुष्यात ठरावीक मरणं यायलाच हवीत, ती टाळली तर विश्वाचा पट उसवतो. म्हणजे सटवाईनं कपाळावर लिहिलेलं, आणि वर तिनं नेमलेलं एक तपासणी पथक. माइल्स म्हणतो, माझ्या बापाच्या बाबतीत मी हे मानत नाही. पाचवीला पुजलेलं दुःख परत करायला निघालेला मुलगा. दोन तास वीस मिनिटं चालतो सिनेमा आणि ऐन रंगात 'पुढील भागात' म्हणून सोडून देतो, याबद्दल मात्र ग्राहक मंचाकडे जायला हवं.

आता मी निवृत्त आहे. चिरंजीव बंगळुरात. पुतण्याची सात वर्षांची मुलगी शनिवारी आमच्याकडे येते आणि रिमोटचा ताबा घेते. तिचा सध्याचा लाडका सिनेमा 'बिग हीरो ६'. २०१४ चा आहे, मी तो आता अकरा वेळा पाहिला. हिरो नावाच्या मुलाचा थोरला भाऊ आगीत जातो. भावानं बनवलेला एक गुबगुबीत, पांढरा, हवा भरलेला यंत्रमानव मागे उरतो. रोग्यांची सेवा करायला बनवलेला. तुम्ही नुसतं 'आई गं' म्हणालात तरी फुगून उभा राहतो आणि एक ते दहा या मापात किती दुखतंय ते विचारतो. त्याला मुलाचं दुःख सापडत नाही, कारण ते शरीरात कुठं दिसत नाही. मग तो त्याविषयीची माहिती स्वतःत उतरवून घेतो, आणि एका प्रसंगी आपल्या पोटाच्या पडद्यावर मेलेल्या भावाची जुनी चित्रफीत लावून दाखवतो. एकामागून एक फसलेल्या चाचण्या, आणि अखेर चौऱ्यायशींवी यशस्वी झाल्यावर खोलीभर नाचणारा भाऊ.

या यंत्राची एक अट आहे. रोग्यानं 'मी या सेवेनं समाधानी आहे' असं म्हटल्याशिवाय ते बंद होत नाही. सुरुवातीला हा विनोद असतो. छत्तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, की ग्राहकाच्या समाधानाची एवढी वाट बघणारी यंत्रणा विमा क्षेत्रात निघाली तर त्या खात्यात दुसऱ्या दिवशी कुणीही कामाला येणार नाही. पण शेवटी अशी वेळ येते, की मुलाला वाचवायला त्या यंत्राला मागेच राहावं लागणार असतं. ते जागचं हलत नाही. मुलानं ते वाक्य उच्चारल्याखेरीज त्याला सोडता येत नाही. आणि मुलाच्या तोंडून शब्द फुटत नाही.

अकरा वेळा मी त्या ठिकाणी चहा टाकायला उठलो आहे.

गेल्या महिन्यात माझं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन झालं. क्लेम केला. मंजूर झाला, पण हातमोजे, कापूस, सिरिंज यांचे पैसे कापून. मी तो कागद उलटून बारीक अक्षरं वाचली आणि मान डोलावली; कापलेलं बरोबर होतं, मीही कापलं असतं. शनिवारी दुपारी फोन आला. रेकॉर्ड केलेला आवाज, बाईचा, गोड. आमच्या सेवेबद्दल आपला अभिप्राय हवा आहे. आपण आमच्या सेवेनं समाधानी असाल तर एक दाबा.

मी सवयीनं बोट पुढे केलं. छोकरीनं दोन्ही हातांनी माझा हात धरला.

"आजोबा, नको! समाधानी म्हटलं की तो बंद होतो."

"अगं, ही नुसती टेप आहे."

"तरी नको."

आवाजानं पुन्हा विचारलं, तितक्याच गोडव्यानं. आत स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींनी विचारलं, कुणाचा फोन आहे. मी काही बोललो नाही. आम्ही फोन मधे ठेवला आणि दोघंही त्याच्याकडे बघत बसलो. ती बाई तिसऱ्यांदा म्हणाली, आपण समाधानी असाल तर एक दाबा.